ग्रामपंचायत निवडणूक: निकाल जाहीर होण्याआधी हरकत कुठे घ्यायची, कोर्टात कधी जायचे

मतमोजणीच्या दिवशी तहसील कार्यालयासमोर एक वाक्य हमखास कानावर पडते: "निकाल जाहीर व्हायच्या आतच स्टे आणतो." असा स्टे मिळत नाही. पण त्या नादात वकिलाच्या ऑफिसात दुपार जाते, मोजणीच्या टेबलावर आपला माणूस राहत नाही आणि जी लेखी हरकत तिथल्या तिथे द्यायची ती राहून जाते. पंधरा दिवसांनी कोर्ट विचारते, "तुम्ही त्या वेळी हरकत घेतली होती का?" मग दाखवायला कागद नसतो.

हा लेख ग्रामपंचायतीपुरता आहे. जिल्हा परिषद आणि नगर परिषदेची मुदत व कोर्ट वेगळे असते. त्याचा उल्लेख शेवटाकडे येईल.

## चौकट आधी समजून घ्या

संविधानाच्या अनुच्छेद २४३-ओ नुसार पंचायतीच्या निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक अर्जानेच (म्हणजे निवडीला आव्हान देणारा अर्ज, उमेदवारी अर्ज नव्हे) देता येते. तो कोणाकडे आणि कसा करायचा हे राज्याचा कायदा ठरवतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १५ मध्ये ती वाट दिलेली आहे आणि कलम १५-अ ने बाकी सगळ्या वाटा बंद केल्या आहेत. कलम १५ मधल्या न्यायाधीशाशिवाय दुसऱ्या कोणत्याही कोर्टाने हा वाद ऐकायचा नाही, असे ते कलम सांगते.

"निवडणूक" म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली नामक्कल मतदारसंघाच्या प्रकरणात सांगितले की अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंतची सगळी प्रक्रिया म्हणजे निवडणूक, आणि मधल्या कुठल्याही टप्प्यावर ती कोर्टात अडवता येणार नाही. तो निर्णय विधानसभेच्या निवडणुकीबद्दल होता, पण पंचायतींनाही तेच सूत्र लागू होते. २००० साली याच न्यायालयाने थोडी फट ठेवली: निवडणूक नीट पार पडायला मदत होत असेल तर कोर्ट हात घालू शकते, ती थांबवायला किंवा लांबवायला नाही. ही फट किती अरुंद आहे ते जानेवारी २०२१ मध्ये दिसले. ग्रामपंचायत उमेदवारी अर्ज फेटाळल्याच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २४३-ओ चा अडसर कायम ठेवला. म्हणजे अर्ज चुकीचा फेटाळला गेला तरी आधी निवडणूक होऊ द्यायची, मग कलम १५ खाली जायचे. अन्याय वाटेल, पण वस्तुस्थिती ही आहे.

म्हणून निकालाआधी तुमचे काम कागद तयार करण्याचे आणि निकालानंतर तो कागद पंधरा दिवसांच्या आत योग्य कोर्टात नेण्याचे.

## टप्पा १: कार्यक्रम जाहीर होण्याआधी

प्रभाग रचना, आरक्षण आणि मतदार यादी, या तीन गोष्टींवर भांडायचे तर आत्ताच.

प्रारूप प्रभाग रचना लागली की नकाशा चावडीवर पाहून परत येऊ नका. गट क्रमांक, नाल्याची किंवा रस्त्याची हद्द आणि घरांची रांग लिहून घ्या. पटवारी आणि ग्रामसेवकाकडून पडताळा आणि मुदतीत लेखी हरकत द्या.

ग्रामपंचायतीसाठी विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडतात. त्यामुळे "यादीत नाव घाला" ही मागणी या टप्प्यावर सहसा चालत नाही. "नाव चुकीच्या प्रभागात गेले" ही चालते. वस्तीवरची, तांड्यावरची, धरणामुळे पुनर्वसन झालेली घरे या फोडणीत सर्वांत जास्त चुकतात.

सावधान: प्रारूप यादीवर हरकत घेतली नाही आणि निकालानंतर "यादीच चुकीची होती" म्हणालात, तर त्या मुद्द्यात फारसा दम उरत नाही.

## टप्पा २: छाननी

छाननीला उमेदवाराने स्वतः हजर राहावे. सोबत जातीचा दाखला, पडताळणी अर्जाची पोच, मतदार यादीचा उतारा, कराची पावती आणि अपत्यांबाबतचे कागद मूळ स्वरूपात ठेवा.

१. समोरच्याच्या अर्जावर हरकत असेल तर ती लेखीच द्या. तीत कायद्याचे कलम, वस्तुस्थिती आणि पुरावा असावा. "त्याचे अतिक्रमण आहे" एवढ्याने काही होत नाही. कोणत्या गटात, किती जागेवर, आणि त्याची नोंद कोणत्या कागदात आहे, ते लिहा.

२. दोन प्रती करा. एकीवर तारीख आणि वेळेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी तहसीलच्या आवक शाखेत द्या.

३. तुमचा अर्ज फेटाळला तर कारणांसह लेखी आदेशाची प्रत मागा. कारण तोंडी एक आणि कागदावर दुसरे असे बरेचदा निघते, आणि पुढे कोर्टात कागदावरचेच मोजले जाते.

जिल्हा परिषदेसाठी छाननीविरुद्ध जिल्हा न्यायाधीशाकडे अपिलाची सोय होती. ते ऐकून ग्रामपंचायतीचे उमेदवारही अपिलाची तयारी करतात. ग्रामपंचायतीला ती सोय नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करून निवडणूक थांबवू असे कोणी सांगितले, तर वर दिलेला २०२१ चा निर्णय त्याला दाखवा.

तपासा: कलम १५ चा अर्ज दोन प्रकारची माणसे करू शकतात: निवडणूक लढवलेला उमेदवार, किंवा त्या निवडणुकीत मतदानाचा हक्क असलेला मतदार. ग्रामपंचायतीत माणूस गावाच्या यादीत असला की दुसऱ्या प्रभागातूनही उभा राहतो. अशा माणसाचा अर्ज छाननीतच फेटाळला गेला, तर तो "लढवलेला उमेदवार" आहे की नाही यावर वाद होतो आणि त्या प्रभागाचा मतदार तर तो नसतोच. अशा वेळी त्या प्रभागातला एक मतदार सहअर्जदार म्हणून घ्या. एक सही वाढवल्याने अर्जाच्या पहिल्याच दिवशी येणारा आक्षेप टळतो.

## टप्पा ३: मतदानाचा दिवस

मतदान प्रतिनिधीला घरून निघतानाच एक वही द्या. तीत चार गोष्टी उतरवायला सांगा: मतदान यंत्राच्या दोन भागांचे, म्हणजे कंट्रोल युनिट (मते साठवणारे) आणि बॅलट युनिटचे (बटणांचे) क्रमांक, सीलचे क्रमांक, मॉक पोल (मतदानाआधीची चाचणी) झाल्यावर मते पुसली का, आणि मतदान संपल्यावर यंत्राने दाखवलेला एकूण आकडा. केंद्राध्यक्ष नोंदलेल्या मतांचा हिशेब करून त्यावर सही करतात. त्याची प्रत हातात पडल्याशिवाय प्रतिनिधीने केंद्र सोडू नये. जेवणाच्या डब्याची आणि घरी जाणाऱ्या गाडीची घाई असते तेव्हाच हा कागद सुटतो. मोजणीच्या टेबलावर ताळा करायला तुमच्याकडे तेवढेच असते.

कोणाच्या नावावर आधीच मतदान झाले असेल तर भांडत बसू नका. त्या मतदाराला प्रदत्त मत द्यायला लावा. ते मतपत्रिकेवर होते आणि पाकिटात वेगळे ठेवले जाते. मोजणीत ते धरले जात नाही, पण मताधिक्य कमी असेल तर पुढे कोर्टात त्याला किंमत येते. ओळखीवर आक्षेप घ्यायचा असेल तर तो मतदाराने मत देण्याआधी घ्यायचा, नंतर नाही.

केंद्रावर दंगा झाला, यंत्र फोडले, मतदान खंडित झाले तर फेरमतदानाची मागणी त्याच संध्याकाळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि प्रत जिल्हाधिकारी व राज्य निवडणूक आयोगाला पाठवा. मोजणी सुरू झाल्यावर ही मागणी शिळी होते.

पैसे वाटणे, दमदाटी, तोतया मतदान हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० ते १७४ खालचे गुन्हे आहेत. पोलिसांत तक्रार जरूर द्या, पण गुन्हा नोंदल्याने निकाल थांबत नाही आणि कोर्टाची पंधरा दिवसांची मुदतही थांबत नाही.

## टप्पा ४: मोजणीचे टेबल

तुमच्या हातातली शेवटची सोपी संधी इथेच असते.

मोजणी तहसीलच्या ठिकाणी होते, एका सभागृहात एकाच वेळी अनेक गावांची. तुमच्या गावाची पाळी पंधरा-वीस मिनिटांतही संपते. ओरडणारा कार्यकर्ता बाहेर राहू द्या. मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बेरीज नीट करणारा माणूस पाठवा, हायस्कूलचा मास्तर असेल तर उत्तमच.

१. यंत्र टेबलावर आले की कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि सील वहीशी जुळवा. जुळत नसेल तर बटण दाबण्याआधी हरकत घ्या. आकडे दिसल्यावर घेतलेली हरकत हरल्याचा राग वाटते.

२. एका प्रभागात तीनपर्यंत जागा, शिवाय सरपंचपद. प्रत्येक जागेचा तक्ता वेगळा आखून न्या: उमेदवारांची नावे मतपत्रिकेच्या क्रमाने, शेवटी "नोटा", खाली बेरीज. एकाच रांगेत सगळे लिहिले की सर्वसाधारण महिला जागेची मते अनुसूचित जमातीच्या जागेखाली जातात आणि नंतर भलताच आरोप उभा राहतो.

३. प्रत्येक जागेची बेरीज मतदान केलेल्या मतदारांच्या संख्येपेक्षा जास्त येऊच शकत नाही. जास्त आली तर तिथेच थांबवा. कमी आली तर कारण विचारा. मतदाराने सगळी मते न देता मतदान संपवले असेल तर असे होते.

४. दोन केंद्रे असतील तर केंद्रनिहाय आकडे वेगळे ठेवा. फेरमोजणीचा अर्ज केंद्राचे नाव सांगितल्याशिवाय उभा राहत नाही.

५. ग्रामपंचायतीत व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापणारे यंत्र) नसते. त्यामुळे "चिठ्ठ्या मोजा" हा आग्रह धरून वेळ घालवू नका.

बेरीज सांगितल्यानंतर आणि अधिकाऱ्याने निकालावर सही करून तो जाहीर करण्याआधी फेरमोजणीचा लेखी अर्ज द्यायचा असतो. हा वेळ फार थोडा असतो, म्हणून अर्ज घरूनच लिहून न्या आणि आकड्यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या ठेवा. मजकूर असा ठेवता येईल:

"प्रति, मा. निवडणूक निर्णय अधिकारी. प्रभाग क्र. ___, जागा ___ साठी मी उमेदवार आहे. मतदान केंद्र क्र. ___ च्या हिशेबात एकूण ___ मतदारांनी मतदान केल्याची नोंद आहे, मोजणीत मात्र ___ मते दाखवली आहेत. कंट्रोल युनिट क्र. ___. मताधिक्य ___. वरील तफावतीमुळे निकालावर परिणाम होत असल्याने या केंद्राची फेरमोजणी करावी. निकाल जाहीर करण्यापूर्वी अर्जावर लेखी निर्णय द्यावा. दिनांक, वेळ, सही."

शेवटून दुसरे वाक्य वगळू नका. अर्ज मान्य झाला तर बरे. फेटाळला तरी कारणासह लेखी आदेश मिळतो आणि पुढे निवडणूक अर्जात तोच पहिला दस्त लागतो.

सावधान: "मला शंका आहे", "मशीनमध्ये घोळ आहे", "आमचा गट इतका कमी कसा?" ही कारणे नाहीत. एक केंद्र, एक आकडा, एक तफावत एवढेच सांगा.

मते समान पडली तर निर्णय अधिकारी चिठ्ठी काढतात. ईश्वरचिठ्ठीला होकार दिला आणि नाव दुसऱ्याचे निघाले, तर चिठ्ठीला आव्हान देऊन उपयोग नाही. मोजणीवर हरकत असेल तर ती चिठ्ठी काढण्याआधी नोंदवा.

निकाल जाहीर झाला की निर्णय अधिकाऱ्याचा अधिकार संपला. त्यानंतर त्यांच्या केबिनमध्ये बसून "साहेब, एकदा परत पाहा" म्हणणे व्यर्थ आहे. त्यांची इच्छा असली तरी त्यांना ते करता येत नाही.

## टप्पा ५: पंधरा दिवस

मुदत निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजायची. प्रसिद्धी, राजपत्र, पहिली सभा, शपथ यांपैकी कशाचीही वाट पाहू नका. नगर परिषदेत मुदत राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून चालते. तिथले ऐकून ग्रामपंचायतवाले थांबतात आणि अर्ज मुदतीबाहेर जातो. जाहीर झाल्याचा दिवस सोडून मोजा: २०२१ मध्ये १८ जानेवारीला मोजणी झाली, त्या निकालांसाठी पंधरावा दिवस २ फेब्रुवारी. बिनविरोध जागेसाठी निकाल कोणत्या तारखेला जाहीर झाला हे लेखी विचारून घ्या, अंदाजाने तारीख धरू नका.

उशीर माफ होईल या भरवशावर राहू नका. दहाव्या दिवशी अर्ज दाखल होईल असे वेळापत्रक ठेवा.

- पहिला-दुसरा दिवस: निकालपत्रक, केंद्रनिहाय मतांचा तक्ता, छाननीचा आदेश आणि फेरमोजणीचा आदेश यांच्या प्रमाणित प्रतींसाठी नकलेचा अर्ज. माहिती अधिकाराचा अर्ज नको, त्याला तीस दिवस लागतात.
- तिसरा ते पाचवा: वकील ठरवा. सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावून न्या.
- सहावा ते नववा: मसुदा, प्रतिज्ञापत्र, प्रत्येक प्रतिवादीसाठी प्रत.
- दहावा: दाखल.

नक्कल मिळाली नाही तर तिच्यासाठी अर्ज अडवू नका. नकलेच्या अर्जाची पोच जोडा आणि मूळ कागद कोर्टाने मागवावेत असा वेगळा अर्ज द्या.

कोर्ट कोणते: ज्या भागात निवडणूक झाली तिथले दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. ते नसतील तर वरिष्ठ स्तर. म्हणजे अचलपूर, वरोरा, पुसद, हिंगणघाट अशा तुमच्या तहसीलच्या हद्दीवर अधिकार असलेले कोर्ट. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाच्या निवडणुकीचा वादही इथेच येतो.

## टप्पा ६: अर्जात काय लिहायचे

आधी एक गणित करा. समजा मताधिक्य ९ आहे आणि तुम्ही ४ तोतया मते सिद्ध करू शकता. मग अर्ज करून काय मिळणार? अधिकाऱ्याची निव्वळ चूक किंवा भ्रष्ट हेतू नसलेली अनियमितता एवढ्याच कारणावर निवडणूक रद्द होत नाही. कायद्याचा किंवा नियमाचा भंग झाला आणि त्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, हे दाखवावे लागते. मताधिक्याहून मोठा आकडा हाती नसेल तर मुद्दा बदला किंवा खर्च वाचवा.

अर्जात चार गोष्टी स्पष्ट हव्यात:

१. अर्जदार उमेदवार आहे की मतदार, आणि त्याचा पुरावा.

२. मुद्दा कोणता: उमेदवारी चुकीची फेटाळली, चुकीची स्वीकारली, मोजणीत चूक, की भ्रष्ट आचरण. एकाच अर्जात सगळे कोंबू नका. दोन पक्के मुद्दे सात कच्च्या मुद्द्यांपेक्षा बरे.

३. भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर कोणी, कोणाला, कोणत्या दिवशी, कुठे आणि किती रुपये दिले. "गावात पैसे वाटले" हे वाक्य टिकत नाही.

४. मागणी काय: समोरच्याची निवड रद्द, फेरमोजणी, की स्वतःला विजयी घोषित करणे. तिसरी मागणी असेल तर त्या जागेचे सर्व उमेदवार प्रतिवादी करा, अगदी बारा मते पडलेलाही. निर्णय अधिकाऱ्याला पक्षकार करायचे की साक्षीदार म्हणून बोलवायचे ते वकील ठरवू द्या, पण उमेदवार वगळू नका.

फेरमोजणीची मागणी असली तर पहिल्याच तारखेला यंत्रे आणि पाकिटे जतन ठेवण्याचा अर्ज द्या. यंत्रे पुढच्या निवडणुकीला लागतात आणि त्यांतली माहिती कायम राहत नाही.

तपासा: दाखल केलेला अर्ज सहज मागे घेता येत नाही, तडजोड करता येत नाही, मजकूरही बदलता येत नाही. अर्ज प्रामाणिक आहे आणि संगनमताचा नाही याची न्यायाधीशांची खात्री व्हावी लागते. म्हणून "आत्ता टाकून ठेवू, नंतर गावात बसून मिटवू" या बेताने अर्ज करू नका.

## टप्पा ७: चुकीची दारे

सगळेच वाद कलम १५ मध्ये बसत नाहीत. यात गल्लत झाली की दोन्हीकडून हात हलवत परत यावे लागते.

तिसरे अपत्य, सरकारी जागेवरील अतिक्रमण, थकीत कर अशी कलम १४ ची अपात्रता असेल तर कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. निवडून आल्यानंतर उद्भवलेली अपात्रताही तिथेच चालते. जातीचा दाखलाच खोटा असेल तर जात पडताळणी समिती. उपसरपंचाच्या निवडीचा वाद कलम ३३(५) खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, तोही पंधरा दिवसांत. जिल्हा परिषद व पंचायत समितीसाठी जिल्हा न्यायाधीश. नगर परिषदेसाठी जिल्हा न्यायालय, आणि तिथे मुदत राजपत्रातील प्रसिद्धीपासून दहाच दिवसांची.

दिवाणी कोर्टात साधा मनाईहुकमाचा दावा लावणे ही सर्वांत महाग चूक. दावा कलम १५-अ वर पडतो, पण तो पडेपर्यंत पंधरा दिवस कधीच उलटलेले असतात.

## अर्ज दाखल झाल्यावर

पहिली सभा, उपसरपंचाची निवड, गावचा कारभार चालूच राहतो. तो थांबेल असे गृहीत धरू नका. साक्षीदार लवकर नोंदवून घ्या; कापूस वेचणी सुरू झाली की माणूस तारखेला येत नाही, आणि वर्षभराने त्याला केंद्राचा क्रमांकही आठवत नाही.

न्यायाधीशांचा निर्णय कायद्याने अंतिम आहे, नेहमीच्या दाव्यासारखे अपील नाही. त्याविरुद्ध जायचे तर विदर्भातल्या गावांसाठी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, आणि तेही मर्यादित तपासणीपुरते. निकाल चुकीचा वाटतो एवढ्याने तिथे पुरावा पुन्हा तोलला जात नाही.

आणि या सगळ्या धावपळीत एक कागद हमखास राहतो: निवडणूक खर्चाचा हिशेब. तो निकालापासून तीस दिवसांत द्यायचा असतो, हरलेल्या उमेदवारानेही, आणि कोर्टात अर्ज चालू असला तरीही. न दिल्यास राज्य निवडणूक आयोग कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. म्हणजे निवडणूक अर्ज जिंकून फेरनिवडणूक लागली तरी तुम्हाला उभे राहता येणार नाही. पावत्या आणि हिशेब अर्जाच्या फाइलमध्ये न ठेवता वेगळ्या पाकिटात ठेवा आणि तहसीलमध्ये देताना पोच घ्या.